तीन नंबरची हाक

"मोजा!" आण्णा ओरडले.

खाली बर्फ, वर बर्फ, आणि मधे आम्ही. सॅकच्या पट्ट्यांत अंगठे अडकवून, भात्यासारखे धापा टाकत उभे. खिंड समोर दिसत होती. दिसत होती म्हणजे काय, लबाड मेली, उजाडल्यापासून तेवढ्याच अंतरावर होती.

"एक." आण्णांनी स्वतःचा आकडा स्वतःच टाकला.

"दोन," बापू थोरात म्हणाला.

मग शांतता. ही शांतता आमच्या सवयीची होती, एक श्वास आत घ्यावा एवढीच. त्यानंतर इलाहीभाईंनी "चार" म्हणायचं, मी "पाच" म्हणायचं आणि पाय उचलायचे. आमचे हे गेल्यापासून असंच चाललं होतं.

इलाहीभाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णांनी हात वर केला.

"थांब इलाही. तीन कुठाय?"

आता हे आकडे काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आम्ही कराडचे. आण्णा, म्हणजे जंगम मास्तर, हायस्कुलात पीटी शिकवायचे. बापूचं हार्डवेअरचं दुकान, आणि जीभ दुकानातल्या करवतीपेक्षा धारदार. इलाही मुल्ला शिंपी. माणूस इतका मऊ की गिऱ्हाइकाला माप चुकलं म्हणायचीसुद्धा लाज वाटावी. आणि चौथे आमचे हे, मुकुंद. मिसरूड फुटल्यापासून चौघांनी मिळून सह्याद्री पालथा घातलेला. एकदा कोयनेकडच्या धुक्यात बापू कड्यावरून जाता जाता वाचला, तेव्हापासून आण्णांनी ही शिस्त लावली. प्रत्येकाला एक आकडा. एकदा मिळाला की मरेपर्यंत तोच. जिथं थांबाल तिथं आण्णा "मोजा" म्हणणार, आणि चारही आकडे आल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही.

यांचा आकडा तीन, आणि खोड मागं रेंगाळायची. कुठं एखादं फूल बघत बस, कुठं सरड्याशी गप्पा मार. "दोन" झालं की सगळ्यांना ताटकळत ठेवायचं आणि मग वळणाआडून लांबलचक आरोळी, "तीऽऽन!" आण्णा आईबहिणीवरून उद्धार करायचे, बापू पोट धरून हसायचा.

हे सगळं मला ऐकूनच माहीत. कारण मला यांनी कधी नेलं नाही.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी असेल, मी विचारलं होतं, "मी पण येऊ का हो डोंगरात?" बघू म्हणाले. पुढच्या आठवड्यात मान खाली घालून म्हणाले, "तिथं बायका येत नाहीत गं." बरं, म्हटलं. पुन्हा विषय काढला नाही. पण खोटं कशाला बोलू, तो काटा काही निघाला नाही. रविवारी पहाटे उठून चौघांना पुरेल एवढ्या दशम्या आणि ठेचा बांधून द्यायचा मी, आणि डोंगर बघायचे यांनी. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आले की तीच आरोळी, "तीऽऽन!" म्हणजे मी समजायचं, नवरा जिवंत परत आला, बंब पेटवायचा. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यामुळं तीन हेच मला त्यांचं नाव वाटायचं. आणि तेही मी कधी तोंडानं घेतलं नाही.

हे गेले झोपेत. कुठल्या कड्यावरून नाही, आजारी पडून नाही, रात्री वरण-भात खाऊन झोपले ते उठलेच नाहीत. वर्षश्राद्ध झालं आणि एका शुक्रवारी आण्णा दारात उभे.

"वहिनी, रविवारी सदाशिवगड. पहाटे तयार राहा."

"आता मला कशाला आण्णा?"

"तुमचा आकडा पाच," एवढं बोलून गेले.

तीन नंबर मला द्यायला निघाले असते, तर मी दार लावून घेतलं असतं. पण तो कुणाला द्यायचा नाही, हे न बोलताच सगळ्यांना ठाऊक होतं. मी यांचीच सॅक पाठीला लावली, मीच विणलेली यांची लाल कानटोपी घातली आणि चालायला लागले. पाय काटक होते माझे. सदाशिवगड, वसंतगड, मग घाटमाथे, आणि एक दिवस बापूच म्हणाला, हिमालय बघितल्याशिवाय मरायचं का काय? म्हणून हिमाचलातली ही खिंड.

"तीन कुठाय?" आण्णांनी पुन्हा विचारलं.

बापूला वाटलं थट्टा आहे. "आण्णा, बर्फात पण ऊन लागतं व्हय?"

"दात काय काढतोस? मुकुंदा मागं राहिला आणि तुम्ही बेशक चाललाय पुढं? असं सोडून येतात माणसाला?"

मला ती थट्टा वाटली नाही. कारण सकाळीच एक गोष्ट घडली होती. तंबूबाहेर चहा ओतताना आण्णांनी एक कप जादा भरला आणि बाजूला दगडावर ठेवला. "मुकुंदाला उठव, गार होईल," म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, सवयीनं बोलून गेला. खरं सांगू? बरंच वाटलं. आठवण काय माझ्या एकटीलाच येते, असं वाटायचं मला. आज आण्णांनाही आली म्हणून गप्प बसले. तो चहा मीच पिऊन टाकला.

"हवेमुळं असंल," इलाहीभाई हळूच म्हणाले. "इथं हवा विरळ असती. आण्णा, घोटभर पाणी प्या बघू."

आमचा वाटाड्या प्रेमसिंग वर पायऱ्या खोदत होता, तो धावत खाली आला. आण्णांच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "इनको जल्दी नीचे ले जाना है," म्हणाला. पण खाली जायचं कसं? ज्या उतारावरून आलो, तो ऊन लागून भुसभुशीत झाला होता. वरून दगड सुटायला लागले होते, गडगडत जाताना ऐकू येत होते. त्यापेक्षा खिंड जवळ. ती ओलांडली की पलीकडची वाट भराभर खाली गावाकडं उतरत होती. आणि पश्चिमेला ढग काळवंडत चाललेले. "खड़े मत रहो. ऊपर चलो, अभी," प्रेमसिंग म्हणाला.

आण्णांनी पाठीवरची सॅक काढून बर्फात टाकली आणि खाली वळले.

प्रेमसिंगनं दंड धरला. आण्णांनी असा हिसका दिला, की दोघंही घसरता घसरता राहिले. सत्तरीचा माणूस, पण जन्मभर पोरांना जोर-बैठका काढायला लावलेल्या. हात लोखंडाचे होते.

"आण्णा!" इलाहीभाई ओरडले. "मुकुंदा गेला आण्णा! आपणच खांदा दिला त्याला! तुम्ही पुढं होता, मी मागं होतो, आठवत नाही?"

आण्णा थांबले. त्यांच्याकडं वळून बघितलं. एखाद्या वेड्याकडं बघावं तसं.

"इलाही, डोंगरात अभद्र बोलू नये," म्हणाले, आणि आणखी भराभरा निघाले.

बापूनं मग तोंडाशी हात धरला आणि हाक दिली, "तीन!"

"बाप्या, थोबाड फोडीन!" न बघताच आण्णा गरजले. "तुझा आवाज ओळखत नाही व्हय मी?"

बापू मटकन खाली बसला. त्या करवतीच्या जिभेच्या माणसाला मी पहिल्यांदा रडताना बघितलं. यांच्या मयताला पण नव्हता रडला तो.

मी ओळीत शेवटची होते, म्हणजे आण्णा माझ्याकडंच येत होते. मी वाट अडवली. दोन्ही हातांनी त्यांची बाही धरली. "आण्णा, ऐका माझं. खाली नका जाऊ. दगड पडतायत तिथं."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. नीट पाहिलं. आणि ओळख पटली नाही.

"बाई, बाजूला व्हा," म्हणाले, अगदी सभ्यपणानं. "आमचा माणूस मागं राहिलाय."

मी हात सोडला. सोडला म्हणजे सुटलाच. जिनं आण्णांच्या मागं सहा वर्षं डोंगर तुडवले ती मी, त्यांच्या हिशेबी तिथं नव्हतेच. ते जिथं पोचले होते, तिथं अजून चौघंच होते आणि मी कराडला दशम्या थापत होते.

ते खोदलेली वाट सोडून आडवे निघाले. त्या बाजूला एक मोठा खडक होता, आणि त्याच्या पलीकडं बर्फ सरळ घळीत उतरत होतं. चार-सहा पावलं गेले असते तर संपलं होतं सगळं. प्रेमसिंग दोर सोडवत मागून यायला लागला, पण जवळ जायची सोय नव्हती. धरलं असतं तर झटापटीत दोघंही गेले असते.

काय करायचं ते मला कुणी सांगितलं नाही. बापू वर डोकं धरून बसलेला, इलाहीभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मी वाटेतल्याच दुसऱ्या एका खडकाआड गेले, खालच्या अंगाला. जिथं मागं राहिलेला माणूस असायला हवा, तिथं. जाकिटाची टोपी मागं सारली, यांची कानटोपी कपाळावर ओढली आणि तोंडाशी हात धरले.

आवाजच फुटेना. त्या एका शब्दाला मी इतकी वर्षं जपलं होतं. तो उच्चारला की हे गेले ते कायमचे गेले, त्यांची जागा भरली, असं काहीतरी डोक्यात बसलेलं. आणि तोच आता ओरडायचा, तोही यांच्या ढंगात, यांच्या आवाजात. डोळ्यांपुढं आमची गल्ली आली. संध्याकाळ, बंबाचा धूर. आणि मी ओरडले.

"तीऽऽन!"

खालून सुरू होऊन वर चढत जायची यांची हाक, शेवटी थोडी फाटायची. माझीही फाटली. थंडीनं आवाज आधीच बसला होता, तो घोगरा निघाला. समोरच्या डोंगरानं ती हाक घेतली आणि परत टाकली, आणि परत आली ती बाईची नव्हती की पुरुषाची नव्हती. नुसती यांची होती. मी स्वतःच दचकले.

आण्णा थांबले. एक पाय उचललेला, तो तसाच.

"कुठं कडमडला होतास रे भाड्या?" ओरडले. काय आनंद होता त्या शिवीत! "जीव घेशील एक दिवस माझा!"

"आला! आला आण्णा!" बापू ताडकन उठला, डोळे पुसत. "आला मुकुंदा. चला, या वर या. ढग यायलेत."

आण्णा वळले. प्रेमसिंगनं पुढं केलेला हात धरला, दोर कमरेला बांधून घेतला, आणि शहाण्या पोरासारखे पायऱ्यांवर आले. बापूनं त्यांची सॅक आपल्या सॅकवर चढवली.

"चार," इलाहीभाई म्हणाले, रडवेल्या आवाजात.

सवयीनं माझं तोंड उघडलं. पण आण्णा आधीच म्हणाले, "चला!" त्यांची माणसं भरली होती. मी तोंड मिटलं.

त्यानंतरची चढण मी कशी चढले ते विचारू नका. मांड्यांत गोळे, छातीत ढोल, पावलापावलाला श्वास. तोंडाला मफलर, डोळ्यांवर गॉगल, डोक्याला लाल टोपी, आणि मी सगळ्यांच्या शेवटी. दर थांब्याला आण्णा "मोजा" म्हणायचे आणि मी घोगऱ्या आवाजात "तीन" म्हणायचे. हे उशीर करायचे, म्हणून मीही जरा उशीर करायची. आण्णा मागं न बघता एक शिवी हासडायचे आणि खूश व्हायचे. पाच कुणी विचारलं नाही.

खिंडीत पोचलो तेव्हा वारा असा, की उभं राहवेना. वर्षभर जिची स्वप्नं बघितली, ती खिंड आम्ही धड बघितलीसुद्धा नाही. पलीकडं उतरायला लागलो.

उतारावर दोर लांबवला होता. प्रेमसिंग, बापू आणि इलाहीभाई पुढं, मग आण्णा, आणि त्यांच्यामागं मी. वारा पाठीशी गेला तसं शांत वाटायला लागलं. आण्णा पुढं बघतच बोलायला लागले.

"मुकुंदा."

मी मफलर नाकावर ओढला.

"ऐकतोयस ना रे?"

"हं."

"मागल्या खेपेला तू बायकोला आणू का म्हणालास. मी नको म्हणालो. राग आला तुला."

माझे पाय थांबले. दोर ताणला तशी पुन्हा चालायला लागले.

"तू एकदा नाही, दोनदा विचारलंस. तिला फार हौस आहे म्हणालास. आणि मी काय म्हणालो, चौघांत बाई नको, मोकळं बोलता येत नाही, कुठं पाय मोडला तर जोखीम कुणाची? असं म्हणालो ना मी?" थोडा वेळ बर्फात नुसते बूट वाजले. "तिला काय सांगितलंस रे तू?"

कसंबसं म्हटलं, "तिथं बायका येत नाहीत, म्हणून सांगितलं."

"माझं नाव नाही सांगितलंस?"

"नाही."

"वेडा आहेस," आण्णा म्हणाले. "स्वतःवर घेतलंस. ती तुझ्यावर चिडली असणार की."

चिडले होते. तीस वर्षं चिडले होते. दशम्या थापताना, बंब पेटवताना, यांच्या बुटांचा चिखल खरवडताना. यांच्या शेजारी झोपूनसुद्धा चिडले होते. बायको घरात शोभते, डोंगर पुरुषांचे, असा हा माणूस आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि या माणसानं माझ्यासाठी दोनदा शब्द टाकला होता. दोस्ताचं नाव वाईट होऊ नये म्हणून मान खाली घालून सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. आता ते मला कळलं, आणि कुणाला सांगू मी?

"आण तिला पुढच्या वेळी," आण्णा म्हणाले. "पाच नंबर देऊ. तुझ्या मागं चालंल. आणशील ना?"

मी उत्तर दिलं नाही तर ते मागं वळतील, म्हणून नाही. मला ते म्हणायचंच होतं. यांच्या वतीनं, यांच्या टोपीत, यांची सॅक पाठीवर घेऊन मी म्हणाले,

"आणतो."

आण्णांनी मान डोलावली. मी गॉगलच्या आत रडत उतरत होते. पुसायची सोय नव्हती, हातात दोर होता.

खाली गवत लागलं, मेंढरांची लेंडकं दिसली, श्वास पुरायला लागला. ऊन कलायच्या आत आम्ही ओढ्याकाठी तंबू टाकले. आण्णांच्या चेहऱ्यावर रंग परतला. इलाहीभाईंनी चहा केला. आण्णांनी कप घेतला, फुंकर मारली, आणि माझ्याकडं बघून भुवया वर केल्या.

"वहिनी! तुम्ही कुठं होता दिवसभर? दिसला नाहीत ते?"

बापूनं तोंड फिरवलं.

"मागंच होते की आण्णा," मी म्हणाले.

"असं मागं राहू नये," आण्णा म्हणाले. "जिवाला घोर लागतो."

तो आमचा शेवटचा डोंगर. कराडला आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आधीच लागला होता, उंचीवर तो फक्त उघडा पडला. पुढं आण्णांना मुलगा ओळखेना, स्वतःचं घर ओळखेना. आम्ही तिघं जायचो. खुर्चीत बसून ते "मोजा" म्हणायचे, आम्ही मोजायचो. तिथंही मी तीनच म्हणायची. पाच त्यांनी नंतर कधी विचारला नाही, आणि मीही सांगितला नाही. त्या दिवशी उतारावर काय बोलणं झालं, ते मी बापूला नाही, इलाहीभाईंना नाही, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या माघात आण्णा गेले. आमच्यात बायका मयतामागं नदीवर जात नाहीत. मी गेले. कुणी अडवलं नाही.

सगळं आटोपलं, माणसं पांगली. नदीकाठी आम्ही तिघं उरलो. निघायचं म्हणून बापू उठला, दोन पावलं गेला आणि थांबला.

"मोजा," म्हणाला.

एक कुणी म्हणालं नाही. बापू म्हणाला, "दोन."

मग दोघं माझ्याकडं बघत राहिले. वाट बघत. मी गप्प बसले. आता तीन नंबरला शोधायला आण्णा गेले होते.

"चार," इलाहीभाई म्हणाले.

"पाच," मी म्हणाले.